निकोटिन गम: औषध चांगलं, हातात देण्याची रीत कच्ची

तंबाखू-सिगारेट सोडायला घ्यायच्या दोन मिलिग्रॅमच्या निकोटिन गमची पट्टी आता तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळते. सिप्लाचं निकोटेक्स सगळ्यात जास्त दिसतं, पण ब्रँडवरून भांडण्यात अर्थ नाही. आतलं औषध तेच असतं. चव आणि गमचा कडकपणा तेवढा वेगळा. २ मिग्रॅला चिठ्ठी लागत नाही, ४ मिग्रॅला लागते. जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिन उपचाराला (म्हणजे तंबाखूऐवजी गम, पॅच यांतून निकोटिन देण्याला) २००९ साली आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं आणि आपल्या राष्ट्रीय यादीत ते २०२२ साली आलं. म्हणजे हे काही टीव्हीवरच्या जाहिरातीतलं चूर्ण नव्हे.

मग इतके लोक 'गम खाऊन बघितलं, काही उपयोग नाही' असं का म्हणतात? आमचं मत सरळ आहे: औषध चालतं, पण ते ज्या रीतीने विकलं आणि दिलं जातं ती रीत मार खाते. ज्या रुग्णाला त्याची गरज सगळ्यात जास्त, म्हणजे टीबीचा, मानसिक आजाराचा, दारू सोडायला आलेला, पोटुशी बाई, मजुरी करणारा, त्याचा या रीतीत विचारच केलेला नसतो. पाकिटातला कागद रोज वीस सिगारेटी ओढणारा, सगळे दात शाबूत असलेला, वाचता येणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. म्हणून हे परीक्षण त्या कागदात नसलेल्या गोष्टींचं आहे. गमच्या जोडीला त्वचेवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच, गोळ्या आणि सरकारी हेल्पलाइनही तपासली आहे, कारण एकट्या गमवर निकाल देणं अन्यायाचं होईल.

चघळायचं कमी, दाबून ठेवायचं जास्त

नावात गम असल्यामुळे माणूस ते च्युइंगमसारखं चावत सुटतो. तिथेच सगळं बिघडतं. निकोटिन गालाच्या आणि हिरडीच्या पातळ त्वचेतून रक्तात जायला हवं. भराभर चावलं की ते लाळेत उतरतं, लाळ पोटात जाते, आणि पोटातून गेलेलं निकोटिन बहुतांशी यकृतातच संपतं. तलफ तशीच राहते. वर उचकी, मळमळ, छातीत जळजळ आणि जबड्याला कळ. रुग्ण म्हणतो औषध सोसत नाही. खरं तर औषध त्याला मिळालेलंच नसतं.

बरोबर पद्धत अशी: तोंडात दुसरं काही नसताना गम सावकाश चावायचा. आठ-दहा वेळा चावल्यावर तिखटसर चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबायचं. गम गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा. मिनिटभरात झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं आणि जागा बदलून पुन्हा दाबायचं. असं साधारण अर्धा तास. इतकं करूनही २ मिग्रॅच्या गममधून रक्तात पोचतं ते सुमारे १ मिग्रॅ, ४ मिग्रॅमधून सुमारे २. एका सिगारेटमधून साधारण १ ते दीड मिग्रॅ मिळतं आणि तेही काही सेकंदांत मेंदूपर्यंत जातं. गमला त्यासाठी वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून तलफ शिगेला पोचल्यावर तोंडात टाकलेला गम उशिरा पोचतो. तो घड्याळाप्रमाणे घ्यायचा असतो.

चहाचं पथ्य सगळ्यात जास्त मोडलं जातं. गम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, कोला, लिंबू सरबत, ताक यांतलं काही नको. निकोटिन त्वचेतून पार व्हायला तोंडातलं वातावरण अल्कधर्मी लागतं, म्हणून गममध्ये सोडियम कार्बोनेटसारखा क्षार घातलेला असतो. आंबट पेय त्याला मारून टाकतं. तंबाखूत चुना मळतात तोही याच कारणाने काम करतो. हे रसायन तंबाखूवाल्याला सांगितलं की लगेच पटतं; सिगारेटवाल्याला मात्र समजावावं लागतं.

आणि यात एक गंमत आहे. गमची कल्पना स्वीडनमध्ये १९६०च्या दशकाच्या शेवटी निघाली ती पाणबुडीवरच्या नौसैनिकांवरून. आत धूर करता येत नाही म्हणून ते तंबाखू तोंडात धरत आणि त्यांचं भागत असे. हे ऐकून लिओ कंपनीतल्या उवे फर्नो यांनी गमवर काम सुरू केलं. म्हणजे 'गालात दाबून ठेवा' ही सूचना मुळात तंबाखूवाल्यांकडूनच घेतलेली. आपल्याकडच्या बार भरणाऱ्या माणसाला ती शिकवावी लागत नाही, 'बार ठेवता तसा ठेवा' एवढं म्हटलं की पुरतं. फक्त सोबत दोन गोष्टी बजावायच्या: गममध्ये चुना किंवा सुपारी मिसळायची नाही, आणि तंबाखूची जागा सोडून दुसऱ्या बाजूला ठेवायचा, कारण नेहमीच्या जागेची त्वचा बहुधा पांढरी पडलेली किंवा सोललेली असते आणि तिथे आग होते.

एक पट्टी म्हणजे उपचार नव्हे

गमचा पूर्ण कोर्स बारा आठवड्यांचा असतो. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला निदान नऊ. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन-चार तासांनी. दहाव्या ते बाराव्यात दर चार-आठ तासांनी. चोवीस तासांत २४ च्या वर जायचं नाही. आता हिशेब मांडू. नऊ गुणिले बेचाळीस दिवस म्हणजे ३७८. पुढचे तीन आठवडे रोज पाच धरले तर १०५, शेवटचे तीन आठवडे रोज तीन धरले तर ६३. एकूण ५४६ गम. काउंटरवरून माणूस एक पट्टी नेतो, दोन-तीन दिवस अधूनमधून चावतो आणि निकाल देतो. पेनिसिलिनची एक गोळी खाऊन ताप उतरला नाही म्हणावं तसलाच हा प्रकार.

पैशाचा प्रश्न खरा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पट्टीवरच्या किमतीवरून एका गमचा भाव काढा, साडेपाचशेने गुणा आणि तो आकडा रोजंदारीवरच्या माणसासमोर ठेवा. तंबाखूची पुडी त्याला दिवसाला याच्या कितीतरी कमी पैशांत पडते. 'व्यसनावर खर्च करता तेवढाच औषधावर करा' हा सल्ला सिगारेटवाल्याला लागू पडतो, पुडीवाल्याला नाही. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रातून गम फुकट देण्याची सोय आहे. तिथे गेलात तर 'गम मिळेल का' एवढंच विचारू नका; 'पुढच्या तीन महिन्यांचा साठा आहे का, पुढची खेप कधी' हे विचारा. सहा आठवड्यांत मध्येच खंड पडला की सगळं पाण्यात जातं. पूर्ण कोर्सचा भरवसा नसेल, तर आहे तो साठा अनेकांना चिमूटभर वाटण्यापेक्षा थोड्यांना पुरेसा दिलेला बरा. हे ऐकायला कठोर वाटेल, पण अर्धवट डोसाने फुकट गेलेला प्रयत्न रुग्णाला दुप्पट महागात पडतो: पुढच्या वेळी तो औषधाला हातच लावत नाही.

२ की ४? सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट किंवा विडी लागत असेल तर ४ मिग्रॅ. जास्त व्यसन असलेल्यांमध्ये ४ मिग्रॅ २ पेक्षा सरस ठरतं, हे चाचण्यांत दिसलेलं आहे. पण चिठ्ठीची अट असल्यामुळे सगळ्यांच्या हाती २ च येतं आणि ज्याला ४ हवं त्याची उपासमार होते. डोस कमी पडल्याची खूण म्हणजे चिडचिड, झोप न लागणं, सारखी भूक, कशात लक्ष न लागणं. जास्त झाल्याची खूण म्हणजे मळमळ, घाम, धडधड, गरगरणं. पहिला प्रकार दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आढळतो, आणि तरी डॉक्टरांपासून घरच्यांपर्यंत सगळ्यांना भीती दुसऱ्याचीच.

महाराष्ट्रातला ग्राहक धूर काढत नाही

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे निघाले ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. औषधांवरचं संशोधन मात्र जवळपास सगळं सिगारेटवाल्यांवर झालेलं. निकोटिन उपचाराने सिगारेट सुटण्याची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते, हे कॉक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या शंभराहून जास्त चाचण्यांच्या आढाव्यातून (२०१८) पक्कं झालं आहे. तंबाखू खाणाऱ्यांसाठी चित्र तितकं स्वच्छ नाही. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात व्हॅरेनिक्लिन (तंबाखू सोडवायची, निकोटिन नसलेली गोळी), समुपदेशन आणि चोखायच्या निकोटिन गोळ्या यांचा फायदा दिसला. गम आणि पॅचचा स्पष्ट फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत धूरविरहित तंबाखूसाठी व्हॅरेनिक्लिन किंवा निकोटिन उपचार हे पर्याय ठेवले आहेत, पण शिफारस सशर्त आहे. तेव्हा तंबाखूवाल्याला गम देताना 'हमखास' हा शब्द वापरू नये. तलफ सौम्य करायला तो मदत करतो. पण खरं काम समुपदेशनाचं आणि पाठपुराव्याचं.

डोस ठरवतानाही सिगारेटची मोजदाद उपयोगाची नाही. एक पुडी किती दिवस पुरते, रस गिळता की थुंकता, बार भरून झोपता का, रात्री उठून लावता का, आजारपणात पडून असतानाही लागतो का, हे विचारावं. रस गिळणारा आणि रात्री बार ठेवून झोपणारा माणूस २ मिग्रॅवर निभावणार नाही. विदर्भातल्या खर्ऱ्यात सुपारीचं वेगळंच व्यसन असतं, त्यावर निकोटिन गमचा काही इलाज नाही. तंबाखूची तलफ शमली तरी सुपारीसाठी जीभ वळवळतच राहते, आणि रुग्णाला वाटतं गम फसला. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

खर्रा आणि गुटख्याचा आणखी एक फटका म्हणजे तोंड न उघडणं. सबम्युकस फायब्रोसिसमध्ये गाल चामड्यासारखे घट्ट होतात, तिखट लागलं तरी आग होते. अशा माणसाला गम देणं म्हणजे त्याचा छळ. दोन बोटं उभी धरून दातांमध्ये जात नसतील तर गम नको, पॅच बघा, आणि आधी दाताच्या किंवा तोंडाच्या कर्करोगाच्या डॉक्टरकडे पाठवा. कवळी असलेल्यांचीही तीच अडचण, गम कवळीला चिकटतो.

मशेरीचं गणित निराळं. बाई 'मी तंबाखू खात नाही' असंच सांगते आणि ती खोटं बोलत नसते. तिच्या लेखी मशेरी ही दात घासायची वस्तू. म्हणून 'दाताला काय लावता, दिवसातून किती वेळा, डबी किती दिवसांत संपते' असं विचारावं लागतं. बहुतेकींची तक्रार ठरलेली: मशेरी बंद केली की पोट साफ होत नाही. ती खरी आहे. निकोटिन आतड्याला चालना देतं, सोडल्यावर बद्धकोष्ठ होतो. सकाळी कोमट पाणी, इसबगोल, भाजी-भाकरीत चोथा आणि गरज पडली तर डॉक्टरांकडून दोन-तीन आठवडे सौम्य रेचक, एवढ्यानेही मशेरी परत लावणं टळू शकतं. मुखशुद्धीसाठी साधी टूथपेस्ट लगेच हातात द्यावी, नाहीतर सकाळचा हात डबीकडेच जातो.

पॅच

गमपेक्षा पॅच वापरायला सोपा, चुका कमी, म्हणून आजारी आणि गोंधळलेल्या रुग्णासाठी आमची पहिली पसंती त्यालाच. रोज दहापेक्षा जास्त सिगारेटी असतील तर २१ मिग्रॅ सहा आठवडे, मग १४ मिग्रॅ दोन आठवडे, मग ७ मिग्रॅ दोन आठवडे. सकाळी अंघोळ करून अंग पूर्ण कोरडं झाल्यावर दंडावर किंवा पाठीवर, केस नसलेल्या जागी लावून दहा सेकंद तळव्याने दाबायचा. त्याखाली तेल किंवा पावडर नको. रोज जागा बदलायची. आपल्या उकाड्यात घामाने कडा सुटतात. सुटल्यास वरून कागदी चिकटपट्टी लावली तरी चालते. रात्री विचित्र स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढून टाकावा, परिणामात फरक पडत नाही. काढलेल्या पॅचमध्येही बरंच निकोटिन शिल्लक असतं, म्हणून चिकट बाजू आत घेऊन दुमडून पोरांच्या हाती लागणार नाही असा टाकावा.

पॅच आणि गम एकत्र दिले तर एकट्यापेक्षा जास्त लोक सोडतात, हे २०१९ च्या कॉक्रेन आढाव्याने भक्कम पुराव्यानिशी सांगितलं आहे. पॅच दिवसभराचा पाया सांभाळतो, गम अचानक आलेली तलफ. तरी मेडिकलवाले आणि काही डॉक्टरही 'दोन्ही एकदम नको, जास्त होईल' म्हणून परत पाठवतात. पंधरवड्यात हार्ट अटॅक येऊन गेलेला, ठोक्यांची गंभीर गडबड असलेला किंवा छातीतलं दुखणं वाढत चाललेला रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्यावं. बाकीच्यांना ही भीती बाळगायचं कारण नाही.

टीबी, मनोविकार, दारू, गरोदरपण

टीबीच्या रुग्णाला बुप्रोपिऑन (तंबाखू सोडवायची दुसरी एक गोळी) लिहून देण्याआधी दोनदा विचार करावा. टीबीवरचं रिफॅम्पिसिन यकृतातली विकरं वाढवतं आणि बुप्रोपिऑनची रक्तातली पातळी पाडतं. व्हॅरेनिक्लिन बहुतांश मूत्रावाटे जसंच्या तसं बाहेर पडतं, म्हणून तिथे ही अडचण नाही. फक्त मूत्रपिंड बरंच बिघडलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो. बांगलादेश आणि पाकिस्तानात २,४७२ टीबी रुग्णांवर सायटिसिन या स्वस्त गोळीची चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आला. सहा महिने सतत सोडलेले गोळीवाले ३२.४ टक्के, लुटुपुटीची गोळी घेणारे २९.७ टक्के. म्हणजे गोळीने फरक पडला नाही. पण दोन्ही गटांना टीबीच्या कर्मचाऱ्यांनी बसून समुपदेशन केलं होतं, आणि दोन्हींत तीसेक टक्क्यांनी सोडलं, ही बाजूही बघावी. टीबीचं निदान झालेल्या दिवशी माणूस जेवढं ऐकतो तेवढं एरवी ऐकत नाही. गोळ्या द्यायला येणाऱ्या आशाताईंची पाच मिनिटं म्हणूनच औषधाच्या बरोबरीने मोलाची.

मानसिक आजाराच्या रुग्णाला 'आधीच बिचारा त्रासात आहे, विडी तरी राहू दे' म्हणायची पद्धत घातक आहे. ईगल्स या चाचणीत ८,१४४ जण होते, त्यांतले निम्मे मनोविकार असलेले. मनोविकाराच्या गटात नवव्या ते बाराव्या आठवड्यात पूर्ण बंद ठेवणारे: व्हॅरेनिक्लिनवर २९.२ टक्के, पॅचवर २०.४, बुप्रोपिऑनवर १९.३, काहीच नसलेल्या गोळीवर ११.४. मानसिक दुष्परिणाम लक्षणीय वाढले नाहीत, आणि २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध नियामकाने व्हॅरेनिक्लिनवरचा ठळक चौकटीतला इशारा काढला. इथे मात्र अजून तो इशाराच लोकांच्या लक्षात आहे.

या गटात खरी काळजी वेगळीच घ्यायची असते आणि ती गमच्या कागदावर सापडायची नाही. धुरातल्या डांबरी घटकांमुळे यकृतातलं एक विकर जोरात चालतं आणि क्लोझापिन, ओलान्झापिन ही मनोविकारावरची औषधं लवकर संपवतं. धूम्रपान थांबलं की आठवडाभरात ते विकर थंडावतं, औषधाची पातळी चढते. क्लोझापिनवर असलेला रुग्ण मग पेंगतो, लाळ गळते, फिटही येऊ शकते. हा परिणाम निकोटिनचा नाही, धुराचा आहे. म्हणून गम-पॅच चालू असले तरी पातळी चढतेच. सोडण्याची तारीख मनोविकारतज्ज्ञाला आधी कळवायची. ते पहिल्या आठवड्यात क्लोझापिन साधारण पाव हिश्शाने उतरवतात आणि शक्य असेल तिथे रक्तातली पातळी बघतात. रुग्णाने पुन्हा ओढायला सुरुवात केली तर उलट गणित, तेही कळवायला हवं. तंबाखू खाणाऱ्याला आणि मशेरीवालीला हा प्रश्न येत नाही, कारण तिथे धूरच नाही.

इंग्लंडमधल्या स्किमिटार प्लस चाचणीत (२०१९) गंभीर मनोविकाराच्या ५२६ जणांपैकी ज्यांच्याकडे प्रशिक्षित परिचारिका घरी जाऊन बसत होती, त्यांतले १४ टक्के सहा महिन्यांनी धूरमुक्त होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत ६ टक्के. वर्षाने ते १५ विरुद्ध १० वर आलं, फरक आटला. म्हणजे पाठपुरावा सहा महिन्यांवर थांबवायचा नसतो.

दारूमुक्ती केंद्रांबद्दल थोडं परखड. दारू सोडवताना तंबाखूला मोकळीक देणं ही जुनी चाल आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात व्यसनोपचारासाठी दाखल झालेल्या ८४५ रुग्णांच्या पाठपुराव्यात (१९९६) नंतरच्या मृत्यूंपैकी ५०.९ टक्के तंबाखूशी संबंधित निघाले, दारूशी ३४.१ टक्के. माणसाला दारूतून वाचवायचं आणि तंबाखूला सोपवायचं, असा तो हिशेब झाला. १९ चाचण्यांच्या एका विश्लेषणात (२००४) व्यसनोपचारासोबत धूम्रपानावरही उपचार केले तर दारू आणि इतर व्यसनांतून दीर्घकाळ बाहेर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पण त्याच वर्षी ४९९ जणांच्या एका चाचणीत दोन्ही एकदम करणाऱ्यांची दारू उशिरा सुरू केलेल्यांपेक्षा कमी सुटली. म्हणून पहिल्या दिवशी सक्ती नको. दारूची थरथर उतरल्यावर विषय काढा, तयार असेल त्याला तिथेच पॅच लावा, नसेल त्याला तारीख द्या. या गटात बुप्रोपिऑन देऊ नये. दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक बंद झालेल्या असताना त्याने फिट येण्याचा धोका वाढतो. केंद्राची निवड करताना 'तंबाखूसाठी काय करता' हा प्रश्न विचारा आणि 'इथे पुड्या मिळतात, काळजी नको' असं उत्तर आलं तर काय ते समजा.

गरोदरपणात पहिला उपाय समुपदेशनच. इंग्लंडमधल्या १,०५० गर्भवतींच्या चाचणीत (२०१२) निकोटिनच्या पॅचवाल्या ९.४ टक्के आणि औषध नसलेला नुसता पॅच लावलेल्या ७.६ टक्के बायका प्रसूतीपर्यंत धूरमुक्त राहिल्या, फरक नगण्य. पॅच महिन्याहून जास्त वापरणाऱ्या होत्या फक्त ७.२ टक्के. गरोदरपणात शरीर निकोटिन लवकर संपवतं, डोस अपुरा पडतो, हेही एक कारण. आणि मशेरी म्हणजे 'नुसती दाताची' नव्हे: मुंबईतल्या १,२१७ गर्भवतींच्या अभ्यासात (२००४) धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली. गम किंवा पॅच द्यायचाच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एवढंच.

कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र आणि हेल्पलाइन

श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं, फुंकर मारायचं यंत्र अनेक केंद्रांत दिमाखात ठेवलेलं असतं. विडी-सिगारेटवाल्यासाठी ते उत्तम. आकडा खाली येताना पाहून माणसाला हुरूप येतो. पण ते दिवसभराचंच सांगतं, कारण हा वायू काही तासांत निम्मा होतो. तंबाखू, मशेरी, खर्रा यांवर त्याचा शून्य उपयोग. लघवीतलं कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासलं तर गम-पॅचवाल्यातही ते सापडणारच. तेव्हा यंत्राच्या बळावर 'हा खोटं बोलतोय' किंवा 'हा सुटला' असा निवाडा करू नये.

राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ ही दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ साली सुरू झाली. पुढे मुंबईचं टाटा मेमोरियल, बंगळुरूचं निम्हान्स आणि गुवाहाटीचं बरुआ कॅन्सर इन्स्टिट्यूट जोडलं गेलं, त्यामुळे मराठीत बोलता येतं. २०१८ च्या सप्टेंबरपासून हा नंबर पुडीवर आणि पाकिटावर छापलेला असतो, म्हणजे दुकानात शोधायला जायला नको. फोन फुकट आहे, समुपदेशक आधी व्यसनाची माहिती घेतात, सोडायची तारीख ठरवतात आणि पुढे स्वतः फोन करतात. तेच या सेवेचं बलस्थान. एकदा सल्ला देऊन मोकळं होण्यापेक्षा परत येणारा फोन जास्त काम करतो. उणीव अशी की औषध तिथून मिळत नाही, आणि फोन नवऱ्याच्या खिशात असेल तर मशेरीवालीला परत फोन येऊन उपयोग नाही. अशा वेळी नोंदणी करतानाच आशाताईंचा किंवा शेजारणीचा नंबर द्यावा आणि कोणत्या वेळी फोन चालेल ते स्पष्ट सांगावं. मिस्ड कॉल देऊन तंबाखू सोडायचे संदेश मागवायच्या एमसेसेशन या सरकारी सेवेचा नंबर ०११-२२९०१७०१ आहे. वाचता येणाऱ्यांसाठी ठीक, बाकीच्यांना फोनच बरा.

हेल्पलाइनची वेळ सकाळी आठ ते रात्री आठ, सोमवारी सुट्टी. पहिले तीन दिवस तलफ सगळ्यात जोरात असते, म्हणून सोडायची तारीख रविवारी किंवा सोमवारी ठेवू नका. मंगळवारी सकाळी गम, पॅच हाताशी घेऊन सुरुवात केली की पुढचे सहाही दिवस पलीकडे फोन उचलायला माणूस असतो.